आगोटीची सुकी मासळी: अलिबागकडच्या आमच्या मावशींच्या पाटीचा रिव्ह्यू

पावसात स्टेटसला सोड्याच्या (सोलून सुकवलेल्या कोलंबीच्या) खिचडीचा फोटो टाकला की चार जणी तरी विचारतातच, सोडे कुठून घेतलेस गं, म्हणून यंदा सगळं एकदाच नीट लिहून टाकते. हा रिव्ह्यू आहे आगोटीच्या सुक्या मासळीचा, आणि ती मी जिच्याकडून घेते त्या कोळीण मावशींच्या पाटीचा. दुकान नाही, बोर्ड नाही, बाजाराच्या तोंडाशी एक छत्री, तिच्याखाली चार-पाच पाट्या (टोपल्या) आणि मागे प्लास्टिकच्या कागदात बांधलेली गाठोडी एवढंच. नाव देत नाही कारण त्यांना विचारलेलं नाहीये, आणि खरं सांगायचं तर थळ, नवगाव, साखर आक्षी, रेवदंडा, बोडणी, कुठल्याही कोळीवाड्यात घरचा माल सुकवणारी बाई तुम्हाला भेटली तर हेच सगळं लागू आहे.

शहरात वाढलेल्यांना आगोट माहीत नसते म्हणून थोडक्यात. पाऊस लागायच्या आधी आमच्याकडे चार महिन्यांचं सामान घरात भरून ठेवतात, तांदूळ, कडवे वाल, कुळीथ, मसाला, मीठ, आंबोशी (कैरीच्या सुकवलेल्या फोडी), कोकमं, पांढऱ्या कांद्याच्या माळा (अलिबागचा जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनवाला, चवीला गोडसर), आणि मग सुकी मासळी. पूर्वी पावसात रस्ते बंद, होड्या बंद, बाजार नाही, म्हणून हे करावंच लागायचं. आता सुपरमार्केट आहे, घरपोच ॲप आहे, पण मासळीच्या बाबतीत गरज अजून तशीच आहे कारण 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस आपल्या पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा हंगाम असतो आणि दर्या खवळलेला, दोन्हीसाठी बंदी योग्यच आहे, ह्यात मला काडीचीही तक्रार नाही. या दोन महिन्यांत बाजारात ताजं म्हणून जे दिसतं त्यात बर्फातलं भरपूर असतं, किंवा पूर्व किनाऱ्यावरून आलेलं (त्यांची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते, म्हणजे जूनच्या मध्यावर त्यांच्या बोटी सुटतात). खाडीची चिंबोरी, वलगणीचे (पहिल्या पावसात ओढ्यांत चढणारे) मासे मिळाले तर नशीब. रोजच्या जेवणाचं काय, तर सुकी मासळी.

आता मालाकडे.

सगळ्यात आधी जवळा (अगदी बारीक सुकी कोलंबी) कारण आमच्या घरात तोच सगळ्यात जास्त लागतो. मावशींचा जवळा हातात घेतला की मोकळा सळसळतो, मूठ उघडली की हाताला चिकटून राहत नाही, रंग फिकट गुलाबीसर आणि प्रत्येक दाणा वेगळा. चांगल्या जवळ्याचा वास समुद्राचा असतो, नाकात झोंबणारा नसतो, झोंबला म्हणजे तो ओला राहिलाय किंवा जुना आहे, तिथून उठायचं. दुसरी परीक्षा रेतीची. जवळा जमिनीवर पसरून सुकवतात त्यामुळे थोडी रेती येणारच, पण मावशी खाली जाळं अंथरतात आणि बांधून द्यायच्या आधी सुपात घेऊन माझ्यासमोर पाखडतात, त्यामुळे घरी आल्यावर चाळणीखाली चिमूटभरच निघते. मध्ये एकदा बाजाराला जायला जमलं नाही तेव्हा एका ऑनलाइन पॅकिंगवाल्याकडून मागवला होता, पाऊच झकास, वर चकचकीत स्टिकर, आणि आत जवळा कमी नि भुसा जास्त, धुवायला घेतला तर पातेल्याच्या तळाशी रेतीचा थर, पाच पाणी बदललं तरी दाताखाली कचकच येतच होती, शेवटी फेकून दिला. पैसे परत मागितले तर म्हणे खाद्यपदार्थाला रिटर्न नाही. जवळ्याचा रुपया न् रुपया पाखडण्यात असतो आणि ते काम स्टिकर करत नाही.

मावशी जवळा मापाने देतात, वजनाने मागितलात तरी देतील, पण मापानेच घ्या, जवळा हलका असतो आणि त्यांचं माप सढळ आहे, वर एक ओंजळ असतेच.

बोंबलांबद्दल मात्र मी जरा जास्तच लिहिणार आहे. ताज्या बोंबलात पाणीच पाणी असतं, म्हणून तो सुकवणं हे सोपं काम नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या वलांड्यांवर टांगतात, मीठ लावत नाहीत, नुसतं ऊन आणि वारा. मावशींचं म्हणणं असं की थंडीतल्या कोरड्या वाऱ्यावर सुकलेला बोंबील वेगळाच, तो पांढुरका-पिवळसर राहतो, मोडला की कट्कन तुटतो आणि पावसात सहसा मऊ पडत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी घाईघाईत सुकवलेला बोंबील बाहेरून कडक दिसतो पण मधला काटा ओलाच असतो, असा माल जूनमध्ये काळपट पडतो आणि जुलैत त्याला बुरशी लागते. म्हणून घेताना एक बोंबील मधोमध मोडून बघायचा. दुसऱ्या कुठल्या पाटीवर हे केलंत तर चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, आमच्या मावशी स्वतःच मोडून हातात देतात, "हात लावून बग ना गो बाय, मंग घे". त्यांच्याकडे दोन गाठोडी वेगळी असतात, थंडीतला माल आणि मागाहूनचा माल, आणि मागाहूनचा स्वस्त का आहे हे त्या स्वतःहून सांगतात. गेल्या खेपेला एका गिऱ्हाइकाला त्यांनी सरळ सांगितलं की हा दोन आठवड्यांत खाऊन टाका, ठेवू नका. एवढा सरळपणा मला कुठल्याही मॉलच्या काउंटरवर मिळालेला नाही.

बोंबील खायची आमच्या घरची पद्धत अशी, डोकं-शेपटी-पर काढायचे, गॅसवर जाळी ठेवून बारीक आचेवर उलटसुलट भाजायचे, कडेने फुगून तपकिरी ठिपके आले की उतरवायचे आणि गरम असतानाच पाट्यावर लसूण, हिरवी मिरची, मीठ घालून ठेचायचे, मिक्सरला लावलंत तर भुकटी होते, ती वेगळी चव. वरून कच्चं तेल, बाजूला बारीक चिरलेला पांढरा कांदा, आणि तांदळाची भाकरी. बाहेर मुसळधार चालू असताना, दुपारपासून लाइट गेलेली असताना, भाजी आणायला कोणी बाहेर पडू शकत नसताना हे जेवण पंधरा मिनिटांत तयार होतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती, फ्रीजरमधलं सगळं सडलं, पण ज्या घराचं छप्पर टिकलं आणि आगोट कोरडी राहिली त्या घरात चूल पेटली की जेवण होतं. त्या वर्षानंतर आमच्याकडच्या अनेक तरुण सुनांनी, ज्या आधी सुक्या मासळीला नाकं मुरडायच्या, डबे भरायला सुरुवात केलेली मी बघितलीये.

सोडे. महाग आहेत, हे आधीच सांगते, किलोला हजाराच्या बरेच वर, आणि दर वर्षी चढतात. पण विचार करा, कोलंबी सोलायची, सोललेली उन्हात टाकायची, पाणी उडून गेल्यावर पाटीभर कोलंबीचे ओंजळभर सोडे होतात, आणि सोलायचं काम सगळं हाताने, बायकांनी, पहाटे बोट आल्या आल्या बसून केलेलं. त्यामुळे सोड्याच्या भावावर मी घासाघीस करत नाही आणि तुम्हीही करू नका अशी मनापासून विनंती आहे. मावशींचे सोडे मध्यम आकाराचे, नारिंगी-पिवळसर, वाकलेले, वर पांढरी पूड नाही. फार लालभडक सोडे दिसले तर सांभाळून, घरी आणून कोमट पाण्यात टाकल्यावर पाणी रंगलं तर तो रंग मासळीचा नाही समजायचं. ह्यांचे सोडे भिजवल्यावर पाणी जेमतेम पिवळट होतं आणि वीस मिनिटांत फुगून येतात. मधला काळा दोरा मात्र काढायला लागतो, तो ह्या काढून देत नाहीत, मोठ्या सोड्यांना असतोच, सुरीच्या टोकाने काढायचा, वेळ जातो. हा एक अर्धा मार्क कापते.

सोड्यांची खिचडी सगळ्यांना माहिती आहे, पण खरी गंमत पावसाच्या सुरुवातीला, जेव्हा जंगलातून शेवळं ही रानभाजी येते. शेवळं घशाला खाजतात म्हणून त्यात काकडं (आंबट रानफळं) घालतात, ठाकर बायका शेवळांच्या जुडीबरोबर काकडंही विकायला आणतात, न विसरता मागून घ्या. शेवळं बारीक चिरून, काकडांचा रस किंवा वाटण घालून, त्यात सोडे आणि ओलं खोबरं, ही भाजी वर्षातून दोन-तीन आठवडेच मिळते आणि त्या वेळेला घरात चांगले सोडे नसले की वर्षभर हळहळ. पुढे मग फणसाच्या आठळ्या घालून सोड्याचं कालवण, सुकट-वांगं, जवळ्यात कच्ची कैरी किंवा कैरी संपल्यावर आंबोशी, आमच्या घरी वालाच्या बिरड्यातही चार सोडे पडतात, सासूबाईंना आवडत नाही, मला आवडतं, म्हणून दोन पातेली होतात.

खारा बांगडा आणि वाकट्यांबद्दल (पट्टीसारखी लांब मासळी) फार लिहिण्यासारखं नाही. वाकट्या ठीकठाक, काटा जास्त, तव्यावर कुरकुरीत भाजल्या तर मुलं पापडासारख्या खातात. खाऱ्या बांगड्यात मीठ जबरदस्त असतं, दोनदा कोमट पाण्यात भिजवून पाणी ओतून द्यावंच लागतं, घरात ब्लड प्रेशरवाले असतील तर तो टाळलेलाच बरा, त्यांना बिनमिठाचा बोंबील आणि जवळा द्या. माकूल (स्क्विड) मी घेत नाही, मला चिवट लागतं.

आता साठवणीचं, कारण कितीही चांगला माल आणलात तरी पावसात तो तुमच्याच घरात बिघडतो. कोकणातल्या हवेत जूनपासून सगळंच दमट होतं, मीठ पाझरतं, पापड नरमतात, चपलांवर पांढरी बुरशी येते, तर मासळीचं काय होणार. मावशींचा सल्ला मी जसाच्या तसा पाळते, घरी आणल्यावर परत दोन कडक उन्हं द्यायची, मग लगेच डब्यात भरायची नाही, सावलीत पूर्ण गार होऊ द्यायची, गरम भरली की डब्याला आतून घाम येतो आणि तिथूनच बिघडायला सुरुवात. डब्याच्या तळाला वर्तमानपत्र, घट्ट झाकण, आणि एक मोठा डबा भरण्याऐवजी छोट्या चार बरण्या म्हणजे रोज सगळा माल हवेला उघडा पडत नाही. ओला हात अजिबात घालायचा नाही. मध्ये उघडीप मिळाली की ताटात पसरून उन्हात ठेवायचं, आणि शेजारी कोणीतरी बसवायचं, कावळा आणि मांजर दोघंही टपलेले असतात. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सोपं म्हणजे सोडे झिप पाऊचमध्ये हवा काढून फ्रीजरला, ते तिथे छान टिकतात. जवळा भाजून ठेवलात तर आणखी टिकतो, पण मग कालवणाला तेवढी चव येत नाही, चटणीलाच वापरायचा.

वासाबद्दल बोलायलाच हवं. सोसायटीत राहत असाल तर बोंबील भाजताना वास जिन्यापर्यंत जाणार, लपवून काही होत नाही. मला ह्या वासाबद्दल माफी मागायला लावणारे शेजारी भेटलेत आणि त्यांच्याशी मी शांतपणे पण स्पष्ट बोललेय, कारण हा आमच्या जेवणाचा वास आहे, किनाऱ्यावरच्या हजारो घरांतला पावसाळ्यातला रोजचा वास आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काहीही नाही. खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा, भांडी लगेच घासा, शेजाऱ्यांना एवढा विचार द्यायलाच हवा, पण खाणं सोडू नका.

सर्व्हिसचं म्हणाल तर मावशी बोलायला फटकळ आहेत, गिऱ्हाईक नुसतं माल चिवडत बसलं तर उठवतात. पण एकदा ओळख झाली की मग फोनवर सांगून ठेवता येतं, थंडीतला बोंबील बाजूला काढून ठेवतात, पैसे आधी मागत नाहीत. पॅकिंग मात्र खरंच सुधारायला हवं, पातळ पिशवीत बांधून देतात, ती प्रवासात फाटते आणि मग एसटीत सगळ्यांना कळतं तुम्ही काय घेतलंय. घरून दोन पत्र्याचे डबे आणि एक जाड कापडी पिशवी घेऊन जा. सुट्टे पैसे नसले तरी चालतं, स्कॅनर आहे, लेकाने लावून दिलाय. बसायच्या जागेचं मला वाईट वाटतं, भर उन्हात एका छत्रीखाली दिवसभर, धड ओटा नाही, जवळपास बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, आणि ह्याच बायका अख्ख्या गावाच्या पावसाळ्याच्या जेवणाची सोय करत असतात. बाजार कोणाच्याही ताब्यात असो, हे व्हायला हवं.

आणखी एक गोष्ट भावाबद्दल. 2025 ला पाऊस 26 मे ला मुंबईत दाखल झाला, एरवी तो 11 जूनच्या आसपास येतो, आणि त्याच्या आधीही मे महिन्यात अवकाळी सरी झोडपतच होत्या. सुकवणाऱ्यांसाठी मेचं ऊन म्हणजे सोनं, तेच गेलं. एक सर आली की खळ्यावर पसरलेला अर्धा सुकलेला जवळा वाया, तो मग कोंबड्यांच्या खाद्याला मातीमोल भावात जातो. त्या वर्षी मावशींकडे माल कमी आणि भाव चढा होता आणि गिऱ्हाइकं येऊन कुरकुर करत होती, इतका महाग कसा, गेल्या वर्षी तर एवढ्याला दिला होतात. ताडपत्री घेऊन रात्री-अपरात्री धावणाऱ्या बाईला हे ऐकून काय वाटत असेल. शिवाय हल्ली बोंबील, जवळा हंगामातसुद्धा पूर्वीसारखा मिळत नाही असं कोळीवाड्यात सगळेच बोलतात. चांगला माल हवा असेल तर चांगला भाव द्यायलाच लागेल, आणि ह्या पाटीवर दिलेला पैसा सुकवणाऱ्या हातातच जातो, मध्ये कोणी नाही.

कधी जायचं, तर एप्रिलचा शेवट ते मेचा पहिला आठवडा. पूर्वी लोक मेच्या अखेरीला निवांत जायचे, आता तेवढं थांबू नका. मुंबईहून येणार असाल तर गेटवे-मांडवा छोट्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो (गाड्याही नेणारी फेरी बोट) चालते पण तीही हवामान बघून, म्हणजे त्या दृष्टीनेही मेमध्येच काम उरकलेलं बरं. सकाळी लवकर जा, दहाच्या आधी, नंतर ऊन चढतं आणि चांगली गाठोडी संपलेली असतात.

किती घ्यायचं हे प्रत्येकाच्या घरावर. चौघांच्या घराला आम्ही जवळा भरपूर, बोंबील मध्यम, सोडे परवडतील तेवढे असं घेतो. श्रावण पाळत असाल तर आषाढ अमावास्येपर्यंतचा हिशोब धरा, आणि श्रावणाच्या आधी अधिक महिना आलेला असेल तर श्रावण लांबतो, त्या वर्षी बोंबलांचं थोडं जास्त सांगून ठेवा, नाहीतर गटारीला डबा रिकामा सापडेल. नारळी पौर्णिमा झाली की ताजी मासळी हळूहळू यायला लागते, तरी जवळ्याची एक बरणी दिवाळीपर्यंत पुरेल अशी वेगळी ठेवा, भाद्रपदात पाऊस परत जोर धरतो तेव्हा ती कामाला येते.

मार्क द्यायचे तर जवळा पाचपैकी पाच, थंडीतला बोंबील पाचपैकी पाच, सोडे साडेचार (तो काळा दोरा), वाकट्या तीन, पॅकिंग दोन. मावशी म्हणतात पुढच्या वर्षी सून बसेल पाटीवर, गुडघे दुखतात त्यांचे. सुनेच्या हातचा जवळा मी यंदाच घेतलाय, पाखडायचा हात तिचाही तसाच आहे.